हाकेला ओ

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी, पोशेऱ्याच्या पुढे नदीच्या एका कोंडात, म्हणजे खोल डोहात, निखिल नावाचा मुलगा वाहून गेला. त्याच्याबरोबरचे दोघे वाचले. भोये मॅडम त्या वेळी कोंडावर नव्हत्या. त्या जव्हारला आमच्या घरी बसून माझ्या पत्नीबरोबर करटोली चिरत होत्या. फोन आला, त्यांनी ऐकला, विळी आडवी केली आणि उठल्या.

त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी तो दिवस येतो, म्हणून तोच आधी लिहिला. मॅडम गेल्या माघात गेल्या. कोंडाचं नाव मी लिहीत नाही. ते आधीच पुष्कळांना ठाऊक झालं आहे.

सुनंदा भोये आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि मी त्याच शाळेत ग्रंथपाल. वाचनालय आणि खेळाच्या साहित्याची खोली यांच्यामध्ये एक भिंत. पलीकडून चेंडू आपटला की माझ्याकडचं एखादं पातळ पुस्तक फळीवरून खाली यायचं. मधल्या सुट्टीत मॅडम वाचनालयात येत, पण वाचायला नाही. पंखा माझ्याकडे होता. टेबलावर कागद पसरून त्या नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी काढायच्या आणि अर्धी भाकरी न विचारता माझ्या वहीवर ठेवायच्या. "सर, पुस्तकं काही पळून जात नाहीत. खा."

त्या पोशेऱ्याच्या. घरी भात आणि नागलीची शेती, ती त्यांचा भाऊ रमेश बघतो. त्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "राहिलं" म्हणायच्या, बाजारातून एखादी वस्तू आणायची राहावी तसं. अंगाने लहानखुऱ्या. मान जराशी एका बाजूला कललेली, सतत कुठलातरी आवाज ऐकत असल्यासारखी. शाळेत त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची. डोंगरात मात्र त्या ती पिशवीत टाकून ठेवत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "शिट्टी कोणाची ते कळत नाही. हाक मारली की कोण मारतंय ते कळतं."

रविवारी त्या माणसांना फिरायला न्यायच्या. सुरुवात शाळेच्या मुलांपासून झाली, मग शिक्षक येऊ लागले, मग लॉजवर उतरलेले पाहुणे. जव्हारला लोक सुट्टीसाठी येतात, राजवाडा बघतात, हनुमान पॉइंटवर उभे राहून दरी बघतात, सनसेट पॉइंटवर कणीस खातात, आणि दुसऱ्या दिवशी लॉजवाल्याला विचारतात, आता काय? लॉजवाला मॅडमना फोन करायचा. "पॉइंट म्हणजे गाडी जिथं थांबते ती जागा," त्या पाहुण्यांना सांगायच्या. "डोंगर त्याच्या पुढं सुरू होतो. बूट घाला."

इतिहास त्यांना मुळीच यायचा नाही. त्या कामासाठी त्यांनी मला धरलं होतं. "इतिहास सर सांगतील, मी पाणी दाखवते," अशी आमची वाटणी. मी मुळातच सावकाश बोलणारा. शिरपामाळावर उभा राहून, सुरतेच्या वाटेवर महाराज इथे थांबले ही हकीकत मी सांगायला लागलो की माझ्याकडून आधी संस्थानाची पार्श्वभूमी निघायची, मग वाटांची, मग घाटांची. मॅडम थोडा वेळ कळ काढायच्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "सर, महाराज सुरतेला पोचलेसुद्धा असतील. आपण निघू या का?" मी नसलो की त्या स्वतःच निभावून न्यायच्या. भूपतगडावरची पाण्याची टाकी कोणी खोदली, असं एका मुलीने विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं होतं, "फार जुन्या काळच्या माणसांनी. आपल्या सरांच्याही आधीच्या."

त्या रांगेच्या शेवटी चालायच्या. पुढे कोणीही चालावं, वाट काही चुकत नाही, त्यांचं म्हणणं. प्रत्येकाने आपल्या मागच्याकडे लक्ष द्यायचं हा त्यांचा नियम होता, आणि वाटेत कुठेही त्या अचानक विचारायच्या, "तुझं माणूस कुठंय?" उत्तर देता आलं नाही तर मागे जाऊन बघून यायचं. यातून कोणाची सुटका नव्हती. नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी भूपतगडाला आले होते. ते काठी टेकत झपाझप पुढे चालले होते आणि दर वळणावर ओरडून विचारत होते, "अजून किती?" मागून मॅडम, "हाये ना, तिथंच." साहेब माथ्यावर पोचले, कमरेवर हात ठेवून दरी बघू लागले. मॅडम बऱ्याच वेळाने एकट्याच वर आल्या.

"साहेब, तुमचं माणूस कुठंय?"

"अहो, येतेय ती सावकाश."

"मग तुम्हीपण सावकाश या. जाऊन घेऊन या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाक्यात पाहू लागलो. शेवटी ते उतरले. अर्ध्या वाटेवर एका झाडाखाली त्यांच्या बाई पाय पसरून बसल्या होत्या. दोघं बरोबर वर आले तेव्हा बाई मॅडमना म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मागे आलेत हो हे." साहेबही हसले मग. पुढे कितीतरी वर्षं त्यांचा दिवाळीला फोन यायचा.

ठाण्याचा एक तरुण दोर आणि हेल्मेटं घेऊन आला होता. धबधब्यावरून माणसांना दोराने उतरवायचं, लोक त्यासाठी लांबून येतील, असं तो सांगत होता. मॅडम पंजाबी ड्रेसवर पट्टे बांधून स्वतः उतरल्या, चिंब भिजून वर आल्या आणि म्हणाल्या, "मजा आहे. पण खाली असताना वरचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. वर कोण बसणार ते आधी ठरवा." त्याने ठरवलं की नाही मला माहीत नाही, तो पुन्हा आला नाही.

आता कुकाऱ्याबद्दल सांगायला हवं.

त्या भागात पाडे डोंगराच्या उतारांवर आहेत. समोरासमोर दिसतात, पण जायचं तर दरी उतरून चढावी लागते. मोबाइलला तिथे रेंज नाही. तोंडाच्या बाजूला हात धरून लांबवर 'कूऽऽ' अशी हाक घालतात, तो कुकारा. जेवायला बोलावण्याचा वेगळा, पाहुणा आला त्याचा वेगळा, गुरं भलतीकडे गेली त्याचा वेगळा. नदीला वरून पाणी आलं तर आखूड, तुटक, एकामागून एक. पण हाक कसलीही असो, तिला द्यायची ओ एकच असते. लांब आणि शेवटी वर चढत जाणारी. ओ दिली याचा अर्थ ऐकलं, कळलं, निघतो. ओ आली की हाक मारणाऱ्याने गप्प व्हायचं. ओ आल्यावरही हाका मारत राहणं तिथे अशुभ मानतात. तशा न थांबणाऱ्या हाका फक्त सापडत नसलेल्या, बहुधा मेलेल्या माणसाला मारतात.

मॅडम कोंडावर माणसं न्यायच्या ते हिवाळ्यात. तेव्हा पाणी निवळ असतं आणि बसायला खडक कोरडे असतात. समोरच्या उतारावर सोमा काका म्हणून एक म्हातारे गुरं चारायचे. मॅडम त्यांना कुकारा घालायच्या, तिकडून ओ यायची आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. मग सगळ्यांनाच शिकायचं असायचं. मॅडम त्यांना ओ शिकवायच्या. हाका शिकायला वेळ लागतो, त्यातले फरक कानाला लवकर कळत नाहीत. ओ मात्र लगेच येते.

निखिल कल्याणच्या कॉलेजातल्या मुलांबरोबर अशाच एका हिवाळ्यात आला होता. बारीक, चष्मा लावलेला, बोलका. सगळ्यांनी ओ देऊन पाहिली. कोणाचा आवाज फाटला, कोणाला हसू आलं. निखिलने दिली आणि दरीभर ऐकू गेली. सोमा काकांनी समोरून काठी उंच करून हलवली.

"आवाज चांगला आहे रे तुझा," मॅडम म्हणाल्या. "पाड्यावर जावई म्हणून चालशील."

"मुलगी बघून ठेवा मॅडम. परत एकदा देऊ?"

"पुरे. ओ एकदाच द्यायची."

एका मुलीने त्याचा व्हिडिओ काढला होता. तो पुष्कळ ठिकाणी फिरला. उन्हाळ्यात अनोळखी मोटरसायकली रस्ता विचारत यायला लागल्या, आणि कोंडावर पोचल्यावर आधी ओ द्यायची अशी एक पद्धतच पडली. पाड्यावरच्या लोकांनाही गंमत वाटायची. श्रावणात निखिल दोन मित्रांना घेऊन पुन्हा आला. मॅडमना त्याने कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर श्रावणात कोंडावर जायला त्यांनी सक्त मनाई केली असती.

त्या दिवशी काय झालं ते आम्हाला सोमा काकांकडून कळलं. ते उतारावर नागलीची निंदणी करत होते. कोंडावर पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं. वरच्या वळणाला नदीचा रंग बदललेला त्यांना दिसला आणि ते उभे राहिले. खाली पाण्यात तिघं जण दिसत होते. त्यांनी तुटक कुकारे घातले, एकामागून एक. खालचा एक मुलगा खडकावर चढला, तोंडाशी हात धरला आणि त्याने ओ दिली. लांब, वर चढत जाणारी, पाड्यावरचा कोणी देईल तशी. सोमा काका थांबले. मुलगा खडकावरून उतरला, तो परत पाण्यात. सोमा काका म्हणाले, मला वाटलं कपडे घ्यायला गेला असेल. पुन्हा हाक मारायला मी हात तोंडाशी नेला होता, पण ओ तर आली होती. पाणी पोचलं तेव्हा तो हात तसाच होता.

निखिलचे वडील सगळे विधी आटोपल्यावर जव्हारला आले. वाचलेल्या मुलांनी त्यांना सांगितलं होतं की समोरून कोणीतरी ओरडत होतं आणि मग थांबलं. ते शाळेत येऊन मॅडमना भेटले आणि त्या माणसाला भेटायचं आहे असं म्हणाले. मॅडम वाचनालयात आल्या. "सर, तुम्ही चला बरोबर. मला एकटीला जमणार नाही." त्यांना काही जमणार नाही असं त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही सोमा काकांच्या अंगणात बसलो. त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं. वडिलांनी तांब्या हातात धरून ठेवला.

"तुम्हीच हाका मारत होता ना?"

"मारल्या," सोमा काका म्हणाले.

"मग थांबलात का?"

सोमा काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलाने ओ दिली म्हणून. ओ दिली की थांबायचं असतं. आणि ओ त्याला मी शिकवली होती."

वडिलांना ते कळेना. मॅडमनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कसला कुकारा कशासाठी, ओ म्हणजे काय, आपण फक्त ओ का शिकवत होतो. एकही गोष्ट त्यांनी सौम्य केली नाही.

"म्हणजे आपण काय उत्तर देतोय ते त्याला माहीतच नव्हतं," वडील म्हणाले.

"नव्हतं."

"त्याला काय वाटलं असेल?"

"समोरचा ओळखीचा आहे, रामराम घालतोय, असं वाटलं असेल."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मग वडिलांनी सोमा काकांना विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

"मोठा व्हता," सोमा काका म्हणाले. "साफ व्हता. घाबरलेला नव्हता, साहेब."

वडिलांनी मान हलवली आणि ते पाणी प्यायले. उतरताना वाट निसरडी होती. मॅडमनी त्यांचा हात धरला आणि रस्त्यापर्यंत सोडला नाही. जीपमध्ये बसण्याआधी ते म्हणाले, "दुसऱ्या कोणाला शिकवू नका."

"नाही शिकवणार."

"पण ज्यांना आधीच शिकवलंय त्यांचं काय?"

मोखाड्याचा बाजार होता त्या दिवशी. जीप खच्चून भरली आणि ते दोन माणसांमध्ये अंग चोरून बसून गेले.

मॅडमनी फिरायला नेणं बंद केलं. लॉजवाल्याला सांगून टाकलं. मधल्या सुट्टीत त्या वाचनालयात येऊन बसायच्या, भाकरी काढायच्या आणि खायच्या नाहीत. "सर, शिकवलेलं परत घेता येतं का?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, येत नाही. म्हणाल्या, "तेच. ती मुलं तर आहेतच, व्हिडिओ पण आहे. खालच्यांना आता काही करता येणार नाही. वरच्यांनीच बदलायला पाहिजे."

पुढच्या पावसाळ्याआधी त्या पाड्यावर गेल्या आणि त्यांनी लोकांना एकत्र बसवलं. मागणं एवढंच होतं. ओ आली तरी हाका थांबवायच्या नाहीत. माणसं पाण्याबाहेर पडेपर्यंत मारत राहायच्या. पाड्यावर गलका झाला.

"ओ झाल्यावर हाक? बाय, कोनाच्या घरात मढं हाय काय?"

"पोलीसपाटलाला सांग, तो बसल काठी घेऊन."

"पर्यटक आपले कोण लागतात गं? येतात, बाटल्या टाकून जातात."

"ते तुमची ओ देतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून लागतात."

एक म्हातारी म्हणाली, "तू मारशील काय अशी हाक? तुला चालंल?"

"मी मारते."

आणि त्या मारायला लागल्या. त्या पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी, मग त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही, सकाळच्या एसटीने जाऊन त्या उतारावर बसायच्या, अंगावर प्लास्टिकचं घोंगडं घेऊन. मी काही वेळा छत्री आणि पुस्तक घेऊन बरोबर गेलो. पुस्तक वाचून व्हायचं नाही. खाली मोटरसायकली थांबायच्या, मुलं पाण्यात उतरायची. वरच्या वळणाला नदीचा रंग बदलताना दिसला की मॅडम तुटक कुकारे घालायच्या. खालून ओ यायची, हसू ऐकू यायचं. मॅडम मारतच राहायच्या. खालच्यांना आधी गंमत वाटायची, मग कंटाळा यायचा, मग राग. एकाने हात वर करून ओरडून सांगितलं, "ओ आंटी, बस करो ना!"

"आंटी म्हणाला," मॅडम मला म्हणाल्या. "म्हणजे ऐकू येतंय त्याला." आणि पुन्हा सुरू. शेवटी ती मुलं शिव्या देत कपडे घालून निघून गेली.

"वैतागून गेली ती," मी म्हटलं.

"पण गेली ना?"

सोमा काका त्यांच्या शेजारी येऊन बसायचे. हाक मारायचे नाहीत, नुसते बसायचे. दुसऱ्या पावसाळ्यात पाड्यावरच्या दोन-तीन बाया मॅडम असल्या की त्यांच्या आवाजात आवाज मिळवू लागल्या. मॅडम नसल्या की कोणी मारत नसे. हे मॅडमना ठाऊक होतं आणि ते त्यांना खात होतं. "माझ्यापुरतंच आहे हे सर," त्या म्हणायच्या. "माझ्या अंगावर घेतलंय म्हणून ते गप्प आहेत."

दिवाळीनंतर त्या वाळू लागल्या. पोटात दुखायचं. आधी जव्हारला दाखवलं, मग नाशिकला. निदान झालं तेव्हा फार पुढे गेलं होतं. पाड्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. ओ झाल्यावर हाका मारल्या, त्या लागल्या तिला, असं लोक बोलायला लागले. रमेशने ते ऐकलं आणि नको असताना बहिणीला सांगितलं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या पोशेऱ्याला भावाच्या घरी, ओटीवर खाटेवर होत्या. दुखण्याबद्दल बोलल्याच नाहीत.

"सर, मी गेले की हाका जातील."

मी म्हणालो की असं काही होणार नाही. त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"दुखणं जुनं आहे. कोंडाच्या आधीपासून पोटात होतं. मी कोणाला बोलले नाही, डॉक्टरकडेही गेले नाही. पाड्यावर जाऊन हे सांगाल का?"

"सांगेन."

"रमेशचं नाही ऐकणार ते, तो घरचा. तुमचं ऐकतील. नीट सांगा मात्र. संस्थानापासून सुरू करू नका."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जव्हारच्या एसटी स्टँडवर. नाशिकच्या गाडीत रमेशने त्यांना खिडकीशी बसवलं होतं. शालीत गुंडाळलेल्या, डोक्याला रुमाल. गाडी सुटायला वेळ होता. मी खाली उभा होतो. तेवढ्यात पाठीवर पिशव्या लावलेली तीन-चार मुलं आली आणि मला विचारायला लागली, "काका, तो व्हिडिओतला कोंड कुठे आहे? कूऽ करतात तो?" मी काही बोलण्याआधी वरून मॅडमचा आवाज आला. बारीक झाला होता, तरी मुलं दचकली.

"आधी राजवाडा बघा. तिकीट काढा. हे सर इतिहास सांगतील. सगळा ऐका, शेवटपर्यंत. मध्ये उठायचं नाही."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम हसल्या आणि हसल्यामुळे त्यांना दुखलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. कंडक्टरने घंटी दिली. त्या मुलांना मी खरंच राजवाड्यावर घेऊन गेलो आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहिलो.

मॅडम गेल्यावर मला पाड्यावर जायचं धैर्य लवकर होईना. पावसाळ्याच्या तोंडाशी गेलो. सोमा काकांच्या अंगणात माणसं जमली. मी ठरवून गेल्याप्रमाणे थोडक्यात सांगितलं. मॅडमचं दुखणं जुनं होतं, कोंडाच्या आधीचं. हाकांशी त्याचा संबंध नव्हता. हे सांगा म्हणून त्यांनीच मला सांगितलं होतं.

मग ती म्हातारी, जिने मॅडमना तुला चालेल का म्हणून विचारलं होतं, म्हणाली, "सर, तू चांगला मानूस. पन आमाला तसा वाटत नाय."

"म्हणजे?"

"हाकच लागली तिला," सोमा काका म्हणाले. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. "निम्मा पाडा तसाच बोलतो. मीपन बोलतो. तू शिकलेला, तुला नाय पटायचा."

मी येताना वाटेत जे जे घोकलं होतं ते सगळं संपलं होतं. मी विचारलं, "मग हाका बंद?"

"बंद कशाला?"

मला कळेना. सोमा काकांनी तंबाखू मळली, दाढेत धरली, आणि एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. "बाय एकली मारत व्हती. सगला एकलीवर पडला. एकल्यानी करायचा काम नव्हता तो. आता पाली लावली. या रविवारी याचा घर, पुढच्या रविवारी त्याचा. काय लागायचा तो सगल्यांना थोडा थोडा लागंल."

"पहिली पाळी कोणाची?" मी विचारलं.

"माजी," ते म्हणाले.

पाळी अजून चालू आहे. पावसाळ्यातल्या रविवारी ज्या घरची पाळी असेल त्या घरचं माणूस सकाळी उतारावर जाऊन बसतं. ते अशुभ आहे असं पाडा अजून मानतो. खाली कोणी पाण्यात दिसलं आणि वरून पाणी आलं, तर वरचा माणूस हाका मारतो. खालून ओ येते. तो थांबत नाही.